जिवंत असाल तर सोमवारी या

हसाचं असंन तं आताच हसून घ्या, कारण एकदा सुरू केल्यावर मी मधात थांबत नाही. मी एका ओळीनं अर्धा तालुका रस्त्यावर आणला. मोर्चा नव्हता, निवडणूक नव्हती, कोणाची सभा नव्हती. फक्त माझी एक ओळ होती. लिहिली तेव्हा मले वाटलं का या जिल्ह्यात आपल्यासारखं लिहिणारं दुसरं कोणी नाही. अन् ते खरंच निघालं, असं दुसरं कोणी लिहीतच नाही.

तालुका कोणता ते सांगणार नाही. यवतमाळ जिल्ह्यातला आहे, एवढ्यावर भागवा. आमचे साहेब मोबाइलवर सगळं वाचतात.

मी तहसीलमधली कारकून. आता आमच्या पदाचं नाव बदललं, महसूल सहायक म्हणतात, पण टेबल तेच अन् त्याच्या तुटक्या पायाखालची वीटही तीच. सगळे मले मेश्राम मॅडम म्हणतात. आमच्या तहसीलची एक वेबसाइट आहे अन् तिच्यात लोकायसाठी माहितीचं एक पान आहे. कोणता दाखला कसा काढाचा, कोणते कागद आणाचे, कोणत्या तारखेले याचं, हे सगळं त्या पानावर. ते पान वर्षानुवर्षं आमचे अव्वल कारकून गावंडे बाबू लिहीत होते. माणूस देव. पण लिहाले बसला का त्याच्या अंगात काय येते कोण जाणे. हे पाहा, निराधार योजनेबद्दल त्यानं काय लिहिलं होतं:

"लाभार्थ्यांनी आपल्या हयातीबाबतचे प्रमाणपत्र विहित नमुन्यात, सक्षम प्राधिकाऱ्यासमक्ष, विहित मुदतीत सादर करणे अनिवार्य असून, कसूर केल्यास नियमोचित कार्यवाही प्रस्तावित करण्यात येईल, याची नोंद घ्यावी."

वाचलं? काही समजलं? आता परत वाचा. नाही ना? मी पंधरा वर्षं त्या हाफिसात बसून राह्यली, मलेही दोनदा वाचा लागलं.

अन् हे कोणासाठी? तं गिरजाबाईसाठी. गिरजाबाई म्हंजे खेड्यातली एकटी म्हातारी, मागंपुढं कोणी नाही, निराधारच्या पैशावर तिचं तेलमीठ चालते. तिनं हे पान गावच्या मास्तरले वाचाले लावलं, आशाताईले लावलं, ऑनलाइनच्या दुकानवाल्याले लावलं. मास्तर म्हणे फॉर्म भरा लागते. आशाताई म्हणे दवाखान्यातून लिहून आणा लागते. दुकानवाला म्हणे तुमची मुदत गेली. तिघंही आपल्या जागी हुशार, अन् तिघांच्या मधात म्हातारीचं नाव गेलं मयताच्या यादीत. महिन्याचे पैसे बंद.

मंग एक दिवस ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी. मी तिले बसवलं, चहा सांगतला. संगणकात तिचं नाव काढून पाह्यलं. ती माझ्या तोंडाकडे पाहे.

"काय लिहेल हाय बाई माझ्याम्होरं?"

मी सांगतलं. ती दोन घोट चहा प्याली. कप खाली ठेवला.

"मी मेली म्हंतेत तुमचे कागद. मंग हा चहा कोन पिऊन राह्यलं?"

त्या बाईले कागदावर परत जिवंत कराले मले आठ महिने लागले. खोटं नाही सांगत. मराले एक मिनिट लागला होता, अन् जित्तं व्हाले पंचनामा, तलाठ्याचा अहवाल, सरपंचाचा दाखला, शेजाऱ्यांचे जबाब, अन् शेवटी ती स्वतः समोर उभी असताना साहेबाच्या सहीचं पत्र का सदर इसम हयात आहे.

ते पत्र निघालं त्या दिवशी माझं डोस्कं सरकलं. मी सरळ साहेबापुढं गेली अन् म्हटलं, ते पान मले द्या, मी लिहिते, अन् असं लिहिते का चौथी शिकलेल्या माणसाले कोणाले विचारा लागणार नाही. आमचे साहेब तरुण, पुण्याकडचे, एकदम शुद्ध बोलणारे. म्हणाले, लिहा की, पण जबाबदारी तुमची. मी म्हटलं, माझी तं माझी.

गावंडे बाबूले ते लागलं. दुपारी डबा खाता खाता मले समजवाले लागले. सरकारी भाषेले वजन असते म्हणे मॅडम. सोपं लिहिलं तं लोक मानत नाहीत, अन् वरून उलटे प्रश्न विचारतात. मी म्हटलं, विचारू द्या ना बाबू, आपल्याले पगार कायचा भेटते? तुमच्या वजनाखाली गिरजाबाई दबून मेली होती, मीच तिले ओढून काढलं. त्यायनं भाजीचा डबा बंद केला अन् दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नका बोलू. मी काही कोणाले भ्याली नाही.

मंग मी भिडली. एकेक दाखला घेऊन त्याचं सालपट काढलं. "विहित नमुना" गेला, "फॉर्म" आला. "साक्षांकित" गेलं. "सक्षम प्राधिकारी" गेला, त्याच्या जागी "तहसीलमधली तिसरी खिडकी" आली. लिहून झालं का मी टपरीवाल्याले वाचून दाखवो. त्यानं मान डोलवली तं ठेवो, डोकं खाजवलं तं परत लिहो. हे कोणत्या पुस्तकात नाही शिकवलेलं, माझी मीच पद्धत काढली.

शेवटी आलं निराधारचं. जिवंत असल्याची वर्षाची नोंद घ्याची होती, अन् यादी सोमवारी संध्याकाळीच जिल्ह्याले पाठवाची होती. मी आधी लिहिलं, "निराधार योजनेच्या यादीत ज्यांचं नाव आहे, त्यांनी आपण जिवंत असल्याची नोंद करण्यासाठी सोमवारी..." अन् थांबली. किती लंबं! वर मथळ्यात मोठ्या अक्षरात "निराधार योजना" लिहिलंच आहे, मंग खाली परत कायले? काढून टाकलं. आणखी काढलं. काढता काढता एवढं राह्यलं:

"जिवंत असाल तर सोमवारी तहसीलला या. आधार कार्ड आणा. नाही आलात तर तुमच्या नावापुढे मयत लिहिलं जाईल."

मी चारदा वाचलं. मले माझंच कौतुक वाटलं. टपरीवाल्यानं तं चहाचे पैसेच घेतले नाहीत.

गावंडे बाबू मागून चष्मा वर करून पाहून राह्यले होते. दोन दिवसांनी पहिल्यांदा बोलले.

"मॅडम, यात कोणी यायचं ते राह्यलं."

"वर मथळा आहे ना बाबू."

"मथळा कोण वाचते?"

आता हे दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तं मी विचार केला असता. पण तेच म्हणाले ना! ज्यायच्या एका वाक्यानं बाई मेली, ते मले लिहाले शिकवणार? मी त्यायच्या देखतच बटण दाबलं अन् पान वेबसाइटवर टाकलं. गुरुवार होता.

आता पुढं काय झालं ते तुम्ही समजलेच असान. पान कोण उघडून पाहते? एकानं मोबाइलवर त्याचा फोटो काढला. फोटोत माझी ओळ आली, मथळा वरच्या वर कापल्या गेला. तो फोटो गावातल्या ग्रुपवर, तिथून सासरच्या ग्रुपवर, तिथून भजनी मंडळाच्या ग्रुपवर. तरी तेवढ्यावर भागलं असतं. पण आमच्याकडे तहसीलचं काही आलं का कोतवाल दवंडी देते. पहिले डफडं वाजवत, आता विहाराच्या नाहीतं देवळाच्या भोंग्यावरून. अन् तुम्ही त्या कोतवालांचा विचार करा. जन्मभर त्यायनं गावंडे बाबूची भाषा वाचली, स्वतःले समजे ना लोकायले समजे. पहिल्यांदा तहसीलचा कागद त्यायले समजला. मंग ते मागं राहतात काय? सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस, गावोगाव भोंग्यावरून एकच: "जिवंत असाल तर सोमवारी तहसीलले या हो. नाई आले तं मयत लागंन."

मले याचा पत्ता नव्हता. माझी माय राहते पांढरकवड्याच्या बाजूले. आमच्या तालुक्याशी तिचं काही घेणंदेणं नाही, अन् तिले बाबाचं पेन्शन आहे. रविवारी तिचा फोन आला.

"काय वं, मी जिवंत हावो थे तुह्या तहसीलात दाखवू का इथल्या?"

मी हसली. म्हटलं, माय, तुले कोणी सांगतलं, तुह्यासाठी नाही ते, घरी बस. ती म्हणे, मोबाइलवर आलेल्या फोटोत तं असं काई लिहेल नाई, नाव मयतात गेलं तं तू निस्तरशील काय? मी म्हटलं, काहीच्या काही बोलून राह्यली तू. फोन ठेवला अन् झोपली. कारकून बाईच्या मायले समजत होतं, कारकून बाईले समजत नव्हतं.

सोमवारी मी स्कूटी घेऊन निघाली. आमच्याकडे सोमवारचा बाजार असते, म्हणून गर्दी पाहून काही वाटलं नाही. पण तहसीलच्या रस्त्यावर ट्रॅक्टर उभे. एक नाही, ओळीनं. ट्रॉल्यायमधून माणसं उतरून राह्यली. अन् कशी माणसं! धोतराची घडी न मोडलेली, लुगडी पेटीतली, आमचे निवृत्त हेडमास्तर गुरुजी तं इस्त्रीचा सदरा घालून अन् खिशाले पेन लावून. एक नवी नवरी, हातावरची मेंदी अजून लाल, सासूच्या मागं उभी. मी तिले विचारलं, पोरी, तू कायले आली? ती म्हणे, सासूबाई म्हंतेत इकडच्या यादीत तुहं नाव नवं हाय, पयलेच नोंद करून घेऊ.

एक जण एकटाच आला होता अन् बायकोचं आधार कार्ड घेऊन आला होता. म्हणे, थे म्हशीले सोडून येऊ शकत नाई, पन जिवंत हाय, पाह्यजे तं फोन लावून देतो, बोला. त्यानं लावलाही. मी बोलली. ती जिवंत होती, अन् भल्ली चिडेल होती.

मंग बाजारातून एक बाज आली. चार जणांच्या खांद्यावर, वर म्हातारा आडवा, अंगावर पांढरी चादर. भाजीवाल्या उठून उभ्या राह्यल्या. कोणी हात जोडले, दोघा-तिघायनं टोप्या काढल्या. म्हातारा कोपरावर उठून बसला.

"टोप्या कायले काढता बे? जिवंत हावो म्हनून तं चाललो."

तेवढ्यात साहेबाची गाडी आली अन् फाटकापासून शंभर पावलांवर अडकली. साहेब उतरून पायी निघाले. रांगेतल्या एका आजीनं त्यायची बाही धरली. म्हणे, बाबू, आम्ही पाहाटपासून उभ्या हावो, तुलेही जिवंत दाखवाचं असंन तं मांगून ये. साहेब घामाघूम होऊन माझ्यापर्यंत पोचले.

"मॅडम, हा मोर्चा कोणाचा आहे?"

"मोर्चा नाही साहेब. हे जिवंत लोक आहेत."

त्यायनं माझ्याकडे असं पाह्यलं का माझी मान खालीच गेली.

मी खुर्चीवर उभी राह्यली, ओरडून ओरडून सांगतलं का फक्त निराधारवाले थांबा, बाकीचे घरी जा. कोणी हाललं नाही. हेडमास्तर गुरुजी म्हणाले, बाई, आपल्या वेबसाइटवर असं काही लिहिलेलं नाही, मी स्वतः वाचलं, अन् एवढं स्वच्छ मराठी सरकारी कार्यालयात मी आयुष्यात पाहिलं नाही, अभिनंदन. मारूनच टाका म्हटलं मले. आतापर्यंत कोणी माझ्या लिहिण्याची तारीफ केली नव्हती, अन् केली तं अशा वेळी.

अंगठ्याचं मशीन एकच, अन् तेही मधातच रुसून बसे. चार वाजले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं का रांगेत मले ओळखीचे निराधार चेहरे दिसूनच नाही राह्यले. यादी संध्याकाळी जाणार होती. जे राहतीन ते मयत. मी पळतच बाहेर आली अन् आवाराच्या मागं कडूनिंबाखाली पाह्यलं. गिरजाबाई बसेल होती. तिच्यासोबत वीस-बावीस म्हातारे-म्हाताऱ्या, कोणाजवळ काठी, कोणाजवळ भाकरीचं गाठोडं. सगळे खरे. सगळे सकाळपासून.

मी म्हटलं, गिरजाबाई, तुम्ही इथं काहून बसल्या?

"मोठमोठाले लोक आले ना माय," ती म्हणे. "गुर्जी आले, सरपंच आले. त्यायचं होऊ दे म्हटलं पयले. आम्ही काय, बसेलच हावो."

मले तिथंच रडू आलं. लपवत नाही तुमच्यापासून. जिच्यासाठी एवढा तमाशा केला, तीच माझ्या ओळीमुळं सगळ्यात मागं. आणखी तासाभरानं मी तिले दुसऱ्यांदा मारलं असतं, अन् या वेळेस गावंडे बाबूचं नाव घ्यालेही जागा नव्हती.

मी तिचा हात धरला अन् सगळ्यायले घेऊन सरळ रांगेच्या तोंडाशी गेली. आरडाओरडा झाला. गुरुजी म्हणाले, मग आमच्या नोंदीचं काय? मी म्हटलं, गुरुजी, तुम्ही जिवंत आहात, साऱ्या तालुक्याले ऐकू येऊन राह्यलं, आता बाजूले व्हा. पण लोक हटेनात. धक्काबुक्कीच होणार होती.

तेव्हा व्हरांड्यातून आवाज आला. गावंडे बाबूनं तिथं वेगळं टेबल मांडलं होतं. टेबलावर शाईचं पॅड, अन् एक जुनं कोरं रजिस्टर. घसा खाकरून ते म्हणाले, "योजनेव्यतिरिक्त हयात इसमांची नोंद इकडे घेण्यात येईल." काय सांगू तुम्हाले, सगळी गर्दी एका दमात तिकडे वळली. मी घसा फाडून साध्या भाषेत सांगून राह्यली होती तं कोणी ऐकत नव्हतं, अन् त्यायच्या त्या एका वाक्यावर हेडमास्तर गुरुजी पहिले जाऊन उभे राह्यले. ते रजिस्टर अजून आमच्या रेकॉर्ड रूममध्ये आहे, कोणत्या फाइलीत ठेवाचं ते कोणाले समजत नाही.

दिवे लागेपर्यंत शेवटच्या निराधार माणसाचा अंगठा झाला. साहेबायनं फोन करून जिल्ह्याकडून एक तास मागून घेतला होता. अन् आता कान देऊन ऐका, कारण हे सांगताना मी कोणापुढं मान खाली घालत नाही. त्या वर्षी आमच्या यादीत जे खरंच वारले होते तेवढेच मयत लागले. एकही जित्तं माणूस मेलं नाही. गावंडे बाबूच्या भाषेत हे कधी झालं नव्हतं. माझ्या ओळीनं नको ते सगळे आले असतीन, पण पाह्यजे ते सगळे आले.

साहेबाले हे पटलं नाही असं नाही. पण गाडीच्या बोनेटवर कोणीतरी गाठोडं ठेवून जेवण केलं होतं, अन् वरून फोन आले होते. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात कारणे दाखवा नोटीस. चोवीस तासांत खुलासा द्या, समाधानकारक नसला तं तुमचं पान काढून जुनं पान परत लावण्यात येईल. म्हंजे विहित नमुना परत, सक्षम प्राधिकारी परत, अन् गिरजाबाई परत मास्तरच्या दारात.

मी म्हटलं, काढून तं दाखवा. असा खुलासा लिहिते का वाचत राहतीन. घरी गेली, स्वयंपाक नवऱ्यावर टाकला, दार लावून बसली. रागानं तीन कागद लिहून फाडले. मले वाटलं राग आहे. दोन पानं भरली. सकाळी साहेबाच्या टेबलावर ठेवली अन् छाती काढून उभी राह्यली. गावंडे बाबूले साहेबायनंच बोलावून घेतलं होतं, जुनं पान त्यायच्याजवळ होतं म्हणून.

साहेबायनं वाचलं. मंग परत वाचलं. मंग कागद गावंडे बाबूकडे सरकवला अन् म्हणाले, जरा मोठ्यानं वाचा.

बाबू वाचाले लागले. "उपरोक्त संदर्भीय विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, सदर प्रकरणी उद्भवलेली परिस्थिती ही अनवधानाने झालेल्या त्रुटीमुळे निर्माण झाल्याचे प्रथमदर्शनी निदर्शनास येत असून, तद्नंतर आवश्यक ती उपाययोजना तात्काळ करण्यात आलेली असल्याने, याबाबत सहानुभूतीपूर्वक विचार होणेस विनंती आहे..."

माझ्या कानशिलापर्यंत गरम झालं. हे मी लिहिलं होतं? मीच लिहिलं होतं. सहीही माझीच होती.

"मॅडम," साहेब म्हणाले, "चूक कोणी केली, ते यात कुठं आहे?"

गावंडे बाबूनं चष्मा वर केला, दोन्ही पानं उलटून पाह्यली.

"इथंही कोणी ते राह्यलं, मॅडम."

साहेबायनं कोरा कागद माझ्यापुढं ठेवला. मी उभ्या उभ्याच लिहिलं. "चूक मी केली. कोणी यायचं ते लिहायचं राहिलं. मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. ती ओळ दुरुस्त करते, पान ठेवा."

पान ठेवलं. अजून तिथंच आहे, जाऊन पाहा. त्यात पहिली ओळ आता "निराधार योजनेच्या यादीत ज्यांचं नाव आहे, फक्त त्यांच्यासाठी" अशी आहे. लंबी आहे, राहू द्या. बाकीचा एक शब्द मी बदलला नाही अन् बदलणारही नाही, मंग कितीही नोटिसा येऊ द्या. या वर्षी गिरजाबाईनं ते दुकानवाल्याकडून एकदाच वाचून घेतलं, अर्थ कोणाले विचारला नाही, अन् वेळेवर आली. चहा प्याली. म्हणे, आता बरं लिहून राह्यली तू.

फक्त तो पहिला दोन पानांचा खुलाशाचा कागद मी फाडाले मागतला, तं गावंडे बाबू देईनात. त्यायनं तो आपल्या खणात ठेवला, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून. परवा पुसदहून एक कारकून बदलून आला, त्याले आल्या आल्या नोटीस भेटली. खुलासा कसा लिहू म्हणून विचारत होता. बाबूनं खण उघडला अन् त्याच्या हातात झेरॉक्स दिली.

"हे पाहून लिहा," म्हणाले. "मेश्राम मॅडमचं आहे. सोपं लिहिण्यात यायचा हात कोणी धरत नाही."